अपडेट ४ : पूर्णगड गडप

आपल्या अंकात कोकण किनाऱ्याचा नकाशा समोरासमोरच्या दोन पानांवर टाकतोय. काल रत्नागिरीहून अंकाची डमी, म्हणजे नमुना प्रत आली. उघडली, तर पूर्णगडच नाही! मुचकुंदीचं मुख, गडाचा बुरूज, तीन रात्री बसून काढलेल्या रेघारेघा, सगळं शिवणीत.

मागच्या वेळी सांगितलं होतंच : आपला किनारा उभा आणि स्प्रेड (समोरासमोरची दोन पानं मिळून) आडवा, ४२० बाय २९७ मिमी. म्हणून पूर्व वर घेतली, गलबतातून येणाऱ्याला जमीन समोर दिसते तशी. बाणकोट डाव्या टोकाला, रेडी उजव्या. खाली समुद्र मोकळा, त्यात मजकुराचे कॉलम. १ सेंमीला साडेसहा किमी धरले की सगळं बसतं. पण मग बरोब्बर मध्यावर पूर्णगड येतो, हे डोक्यातच आलं नाही. परफेक्ट बाइंडिंगने (पानं कण्याला गोंदाने चिकटवतात ते) दोन्हीकडून सहा-सहा मिमी खाल्ले. म्हणजे जवळजवळ आठ किलोमीटर किनारा!

दोन्ही पानं तेवढी बाहेर सरकवून पाहिली. अंक अर्धवट उघडला तर ठीक, सपाट पसरला की किनारा मधोमध तुटलेला. नकाशाच डावीकडे ढकलला, तर बाणकोट कटिंगमध्ये जातो. शेवटी मधली पट्टी दोन्ही पानांवर छापून पाहिली, तर पूर्णगड दोन झाले. आई म्हणाली, "एक भाड्याने दे."

नावांचं मात्र झकास जमलंय. भूमध्य समुद्रातल्या जुन्या पोर्तोलान, म्हणजे खलाशांच्या नकाशांत बंदरांची नावं किनाऱ्याशी काटकोनात, जमिनीच्या अंगाला लिहायचे. महत्त्वाची तांबडी, बाकीची काळी. तेच मुक्ता फॉन्टमध्ये केलं. हर्णै, जयगड, विजयदुर्ग लाल. नाव उभं केलं की शिरोरेषा चक्क धक्क्यासारखी दिसते! (पानं जुळवायच्या स्क्रायबस सॉफ्टवेअरच्या १.४ वर अजून कोणी असेल तर सोडा बाबांनो, जोडाक्षरं फुटतात. १.६ घ्या.)

आणि हे लिहिता लिहिताच सुचतंय : सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवरच पिना! मधला कागद अखंडच असतो, गोंदाची भानगडच नाही. ७२ पानांना पिन मारली तर आतली पानं बाहेर डोकावणार, म्हणून अंक ४८ वर आणतो, नकाशा २४-२५ वर. भरती-ओहोटीचा तक्ता उडाला. तसाही कंटाळवाणाच होता.

आता दोन पिना उरतात. वरची सह्याद्रीच्या झाडीत लपेल. खालची ऐन समुद्रात. तिच्याभोवती होकायंत्राचं फूल काढणार होतो, पण घडीवरची पिन या नकाशात पूर्व-पश्चिम पडते. असली सुई कोण मानेल? त्यापेक्षा नांगर काढतो, पिन म्हणजे त्याचा दांडा.