"नेट कसंय?" हा तिसरा प्रश्न

बेटावर राहून काम करते असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "आणि नेट कसंय तिकडे?" त्यात विचारणाऱ्याची काही चूक नाही, यायच्या आधी मी पण तेच विचारत होते, कित्येक महिने नुसते स्पीडचे आकडे बघण्यात घालवले. आता दुसरं वर्ष संपत आलंय आणि मला विचाराल तर नेट हा तिसरा प्रश्न. पहिला पाण्याचा, दुसरा मिठाचा, मग नेट. आणि एक चौथा आहे, जो कोणीच विचारत नाही आणि खरं तर बाकीचे तिन्ही त्याच्यावरच लटकलेले असतात, तो म्हणजे जहाज कधी येणार.

बेटाचं नाव लिहीत नाहीये. इथे माणसंच इतकी मोजकी की नाव लिहिलं तर "ती लॅपटॉपवाली" कोण हे कोणीही सांगेल. एवढं पुरे की प्रवाळाचं बेट आहे, मधे लगून म्हणजे आतलं उथळ, शांत पाणी आणि भोवती कंकणासारखी जमिनीची पट्टी, तिच्या एका तुकड्यावर आम्ही. या टोकापासून त्या टोकाला चालत चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. रुंदी इतकी कमी की मधोमध उभं राहिलं तर दोन्हीकडचा समुद्र ऐकू येतो, लगूनच्या बाजूचा नुसती चुळबुळ करतो आणि बाहेरच्या बाजूचा रात्रंदिवस आदळत असतो. डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही, सगळ्यात उंच जागा समुद्रापासून तीनेक मीटर असेल. डार्विनने १८४२ मध्ये लिहिलं होतं की खचत जाणाऱ्या ज्वालामुखीच्या कडेने प्रवाळ वर वर वाढत राहतं आणि त्यातून अशी बेटं होतात, पण ते खरं की खोटं हे कळायला ११० वर्षं गेली, १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक या अशाच प्रवाळबेटावर खोल भोक पाडलं तेव्हा सव्वा किलोमीटरच्या खाली जाऊन ज्वालामुखीचा खडक लागला. म्हणजे मी जिच्यावर बसून मीटिंगा करते ती जमीन अख्खी मेलेल्या पोवळ्यांची आहे. पहिल्या आठवड्यात हे फार भारी वाटायचं. मग टाकी रिकामी झाली.

चूक माझीच. पावसाच्या पाण्याची टाकी हजार लिटरची, त्यात जेमतेम पाव उरलं होतं, आणि झोपताना नळ नीट बंद झाला नाही. बारीकशी धार रात्रभर चालू, सकाळी टाकी ठणठणीत. आणि त्यानंतर एकोणीस दिवस पाऊस नाही. मी म्हटलं विहीर आहे की. आहे, पण पाणी मचूळ. तेव्हा कळलं की इथलं जमिनीखालचं गोडं पाणी म्हणजे काही झरा-बिरा नाही, पावसाचं जे पाणी वाळूत मुरतं ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. भिंगाच्या आकारात साठतं म्हणून त्याला लेन्स म्हणतात. हिशोब असा की समुद्रपातळीच्या वर त्याचा एक मीटर थर असेल तर खाली साधारण चाळीस मीटर असायला हवा, पण हे पुस्तकात. छोट्या बेटावर वरचा मीटर कुठून येणार, आणि दहा-वीस मीटर खाली जुना सच्छिद्र चुनखडक लागला की भरती-ओहोटीने सगळी घुसळण होऊन गोडं-खारं एक होतं. त्यात कोणी पंप लावून दणादण उपसा केला की खालचं खारं पाणी सुळक्यासारखं वर येतं आणि मग ती विहीर कित्येक महिने हातची जाते. वादळात लाट जमिनीवरून गेली तर मग बोलायलाच नको.

म्हणून खरी मदार छपरावर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे शाळेत शिकलो असू पण मला ते इथे कळलं. माझं छप्पर चाळीस चौरस मीटर, दहा मिलिमीटर पडला की चारशे लिटर, त्यातून पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं कारण त्यात पक्ष्यांची घाण आणि झाडांचा कचरा असतो, पन्हळीतून थोडं सांडतंच, म्हणजे तीनशे धरा. आता पाऊस आला की माझा पहिला विचार कपड्यांचा नसतो, पन्हळ साफ आहे ना याचा असतो. एकदा क्लायंटच्या कॉलमधून "एक मिनिट" म्हणून उठले आणि शिडीवर चढले होते, पन्हळीत नारळाची झावळी अडकलेली. वीस मिनिटांनी निथळत परत आले. कोणी काही बोललं नाही, कॅमेरा बंद होता.

आता मीठ. लाटा फुटताना जे बारीक तुषार उडतात त्यातलं पाणी हवेत उडून जातं आणि मीठ वाऱ्यावर घरात येतं. दिसत नाही. टेबलावरून बोट फिरवलं की चिकट लागतं, तेच. आणि मिठाची खोड अशी की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळतं, आणि इथे ७५ च्या खाली ती जाते कधी? म्हणजे सर्किटवर जो मिठाचा थर बसतो तो कायम ओला, खारट, वीज वाहून नेणारा. माझा पहिला लॅपटॉप सात महिन्यांत गेला. आधी चार्जिंगचं पोर्ट हिरवं पडलं, मग कीबोर्डवरची चार अक्षरं गेली, मग पंख्यातून कण्हल्यासारखा आवाज, आणि एके दिवशी गप्प. गेल्यावर उघडून बघितला तर आत पंख्याच्या वाटेवर पांढरी रेघच्या रेघ. पंखा हवा खेचतो ती मीठ घेऊनच येते ना, मग दुसरं काय होणार.

तर तो जो फोटो असतो ना, वाळूवर खुर्ची, मांडीवर लॅपटॉप, मागे निळाशार समुद्र, तो बघितला की मला आता त्या लॅपटॉपची दया येते. मी काम करते ते वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत, खिडक्या बंद, समुद्राकडे पाठ. नवा लॅपटॉप बिनपंख्याचा घेतला. काम संपलं की तो, हार्ड डिस्क, हेडफोन सगळं रबरी कडेच्या घट्ट डब्यात, सोबत सिलिका जेल. त्या जेलचे दाणे रंग बदलले की भट्टीत तापवून कोरडे करायचे आणि परत वापरायचे, हे काम मी दर रविवारी करते आणि खोटं कशाला बोलू, आवडतं मला. पोर्ट वापरात नसतील तेव्हा रबरी बुचं. सगळ्या केबल दोन-दोन. इथे नियम असा की एखादी वस्तू एकच असेल तर ती नाहीच असं समजायचं.

हा नियम मला शिकवला जनरेटर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी, त्यांना मी मनातल्या मनात काका म्हणते. माझ्या सोलरच्या बॅटऱ्या जुन्या, शिशाच्या, आणि मी त्या ठेवल्या होत्या पत्र्याच्या खोपटात. काका आले, हात लावून बघितला, मान हलवली आणि न विचारता उचलून सावलीत हलवल्या. नंतर वाचलं तेव्हा कळलं की शिशाची बॅटरी दर दहा अंश जास्त गरम राहिली की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. काकांनी वाचलं नव्हतं, त्यांनी पुरल्या होत्या तेवढ्या बॅटऱ्या.

हं, नेट.

पहिलं वर्ष भूस्थिर उपग्रहावर काढलं, म्हणजे जो आकाशात कायम एकाच जागी दिसतो तो. तो असतो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर तसंच परत यायला आणखी पाव सेकंद, यात कोणाचा दोष नाही, प्रकाशच तेवढ्या वेगाने जातो. प्रत्यक्षात सहाशे-सातशे मिलिसेकंद धरा. ऐकायला कमी वाटतं पण साधं एक वेबपेज उघडायचं तर आधी पत्ता विचारा, मग जोडणी करा, मग कुलूप-किल्लीची देवाणघेवाण, मग कुठे "आता पान दे", अशा चार-पाच फेऱ्या, म्हणजे पान यायला सुरुवात व्हायच्या आधीच तीन सेकंद गेले. स्पीड टेस्ट मात्र बरी दिसते, कारण ती पाइप किती जाड ते सांगते, किती लांब ते कोण बघतंय. आणि व्हिडिओ कॉलवर तर दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "नाही नाही तू बोल" मध्येच निम्मी मीटिंग जाते.

पण मजा अशी की मी काम करते सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. आमचं ॲप माझ्याकडे धड चालेचना. मी बग टाकले की टीमचं ठरलेलं उत्तर, "आमच्याकडे चालतंय, तुझं नेट खराब आहे." तीन आठवडे हे चाललं. मग मी प्रत्येक स्क्रीनला सर्व्हरकडे किती हेलपाटे होतात ते मोजून टेबल करून पाठवलं. एका लॉगिनला अकरा! आणि एका ठिकाणी पाच सेकंदांत उत्तर नाही आलं तर ॲप परत विनंती पाठवायचं, म्हणजे हळू नेटवाल्याची ऑर्डर दोनदा. हे फक्त बेटावर होत नव्हतं, लिफ्टमध्ये, बोगद्यात, गर्दीच्या स्टेशनवर कुठेही होत असणार, फक्त तिथला माणूस वैतागून ॲप बंद करतो आणि मी पगार घेऊन ॲपसमोर बसून राहते. आता नवीन काही केलं की "बेटावर चालतंय का बघ" असं विचारतात. कौतुक म्हणून सांगत नाही, पण सांगतेच.

आता खालच्या कक्षेतल्या उपग्रहांची डिश आलीये, ते साधारण साडेपाचशे किलोमीटरवर फिरतात त्यामुळे कॉल अगदी नॉर्मल. मुसळधार पावसात तोही जातो, पण तेव्हा मी तशीही पन्हळीपाशी असते. जुन्या सवयी मात्र सोडल्या नाहीत. सगळी डॉक्युमेंट आधी उतरवून घ्यायची, काम मशीनवरच करायचं, पहाटे एकदम पाठवायचं, आणि प्रश्न असा लिहायचा की समोरच्याला उलट प्रश्न विचारावा लागू नये. कारण हे कधीही बंद पडू शकतं. पॅसिफिकमधल्या टोंगा या बेटांच्या देशाचं आठवतंय? १५ जानेवारी २०२२ ला समुद्रातल्या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि फिजीकडून येणारी केबल तुटली, एकच केबल होती, अख्खा देश जवळजवळ मुका. दुरुस्तीचं जहाज येऊन जोडणी व्हायला पाच आठवडे गेले. आणि देशातल्या देशात बेटांना जोडणारी जी दुसरी केबल होती ती पूर्ववत व्हायला दीड वर्ष. म्हणजे टोकाच्या बेटावर राहणाऱ्याचा नंबर तिथेही शेवटीच.

वेळेचा घोळ वेगळाच. पॅसिफिकमध्ये तर तारखाच उड्या मारतात, किरिबाती या देशाची लाइन बेटं आणि हवाई यांच्या घड्याळात काटे एकाच जागी, पण तारखेत अख्ख्या एका दिवसाचा फरक, कारण किरिबातीने १९९५ मध्ये तिथली वाररेषाच सरकवली. सामोआने २०११ चा ३० डिसेंबर कॅलेंडरमधून काढूनच टाकला. माझं प्रकरण इतकं टोकाचं नाही पण माझी दुपार म्हणजे टीमची पहाट, म्हणून भिंतीवर दोन घड्याळं लावलीयेत, एक इथलं, एक त्यांचं. काम दुपारनंतर सुरू होतं, साडेसहाला अंधार पडतो तो कोणी पडदा ओढल्यासारखा, आणि मी रात्री उशिरापर्यंत जागी असते हे सगळ्या बेटाला माहितीये. एकटेपणाचं विचारतात लोक, पण इथे अडचण उलटी आहे. मला साधी शिंक आली तरी दुसऱ्या दिवशी तीन घरांतून विचारपूस होते. पायाला प्रवाळ लागून कापलं होतं, त्या जखमा लवकर चिघळतात, तर माझ्या पायाचं आता कसंय हे बोटीवरच्या अनोळखी माणसानेही विचारलं. यायच्या आधी दातांचं सगळं काम करून घ्या, हा मात्र माझा एकमेव खरा सल्ला. दाढदुखी जहाजाची वाट बघत नाही.

जहाज साधारण सहा ते आठ आठवड्यांनी येतं, "साधारण" या शब्दावर जोर. समुद्र खवळला की आणखी पुढे. धक्का नाही, ते बाहेर उभं राहतं आणि छोट्या होड्या प्रवाळातल्या फटीतून माल आणतात, तोही भरती असेल तर. त्या दिवशी कोणी दुसरं काही करत नाही. मीही चॅटमध्ये "जहाज" एवढंच लिहिते आणि जाते, आता टीममध्ये कोणी कारण विचारत नाही. मागच्या मंगळवारी आलं. मी पाच महिन्यांपूर्वी मागवलेला कीबोर्ड त्यात होता, वायरलेस, पाण्या-धुळीपासून सुरक्षित वगैरे, पूर्ण सीलबंद, खूप शोधून निवडलेला. खोका उघडला, पिशवी काढली, सगळं व्यवस्थित. फक्त सेल सोबत नव्हते, आणि माझ्याकडे त्या मापाचे दोनच होते, भिंतीवरच्या घड्याळांमध्ये, एकेक. मग दोन्ही काढले. आता ही पोस्ट टाइप होतेय, दोन्ही घड्याळं बंद आहेत, आणि पुढच्या यादीत सगळ्यात वर लिहिलंय, सेल, मोठ्या अक्षरात, दोन पाकिटं.