हे पूर्ण कधी करणार?

आमच्या आत्तीचं पोर्ट्रेट बघणारे बहुतेक जण हेच विचारतात. काही जण तर थेट म्हणतात, "सगळं झालं, पण डावा कान राहिलाय की!" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या सोप्यात, दुपारी चारच्या सुमारास आत्ती बसली होती. समोरच्या घराच्या निळसर भिंतीवर ऊन आपटून आत यायचं. असल्या मऊ उजेडात नाकाची सावली ओठावर कापल्यासारखी पडत नाही. उजेडाकडचा गाल थंड, किंचित निळा, सावलीकडचा तांबूस. डोळे बारीक केले की त्या बाजूचे केस, कान आणि मागचा अंधार यांचा टोन, म्हणजे गडदपणा, एकच. मग मी तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना आणि निळ्या अल्ट्रामरीनचं एकच मिश्रण रुंद ब्रशनं केसांतून बॅकग्राउंडमध्ये ओढत नेलं. पांढरा अजिबात नाही, त्यानं सावली पिठूळ होते. कान त्यात गेला.

असं मोकळं, तपशील न कोरता केलेलं काम म्हणजे भराभर काम, हा एक गैरसमज. त्या एका फटकाऱ्याआधी मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

रंकाळ्यावर पहाटेच्या धुक्यात पलीकडचा काठ दिसला नाही, तर कुणी तक्रार करत नाही. माणसाचा कान विरला की मात्र हिशेब मागतात. अर्थात हे कोल्हापूरचंच नाही. १८७४ साली पॅरिसमध्ये चित्रकार मोनेचं सूर्योदयाचं चित्र बघून लुई लरॉय या टीकाकारानं लिहिलं होतं की, कच्चा वॉलपेपरसुद्धा याच्यापेक्षा पूर्ण असतो.

खरं सांगायचं तर एकदा मीही कच खाल्ली. दोन नंबरचा बारीक ब्रश घेऊन कान काढला, पाळी, वळ्या, सगळं. कान झकास झाला आणि चेहरा गेला. बघणारा आधी कानाकडेच बघायचा. रात्री रंग ओला होता तोवर पॅलेट नाइफनं खरवडला, टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसला.

दुसऱ्या दिवशी आत्ती म्हणाली, "माझा कान कुठं घातलास रं? निदान कुडी तरी दिसू दे की. सोन्याची हाय."

कुडीचं म्हणणं पटलं. अंधारात यलो ऑकरचा एकच ठिपका ठेवला, थोडा जाडसर.

आत्ती लांबून बघून म्हणाली, "हां, आला बघ कान."