तुम्हीच साखर बंद केली ना?

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. नागपुरात सकाळी दहालाच रस्ते ओस पडायला लागले होते. धंतोलीतल्या ज्या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे, तिथे सक्करदऱ्याहून मधुमेह असलेल्या एक काकू ऑटोने आल्या आणि बाकावर बसल्या बसल्याच कलंडल्या.

रांगेतल्या बायका धावल्या. "ऊन लागलं," म्हणत एकीने पिशवीतला कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला. दुसरी पन्हं शोधायला निघाली. मलाही आधी तेच वाटलं. पण काकूंचा हात हातात घेतला तर तो गार, घामाने चिंब. उष्माघातात अंग तापतं. बोटं थरथरत होती, जीभ जड झाली होती. सिस्टरने बोटाला सुई टोचून थेंब ग्लुकोमीटरला लावला. रक्तातल्या साखरेचा आकडा आला ५२.

साखर ७० च्या खाली गेली की थांबायचं नसतं. काकू शुद्धीवर होत्या, त्यांना गिळता येत होतं, म्हणून पाण्यात तीन चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, ढवळून ग्लास ओठांशी नेला. (शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र असं काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.) काकूंनी मान फिरवली.

"साखर नको मॅडम. तुम्हीच बंद केली ना?"

अंगातली शक्ती संपत आलेली, डोळे मिटत आलेले, आणि ही बाई माझा शब्द पाळत होती. मी अक्षरशः विनवण्या केल्या तेव्हा कुठे त्यांनी घोट घेतला. पंधरा मिनिटांनी आकडा ८८ झाला. मग माझ्या डब्यातली पोळी-भाजी त्यांना बसून खायला लावली.

महिन्याभरापूर्वी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ९.४ होतं. तेव्हा बाहेर गर्दी होती. मी छापील कागदावर खुणा केल्या, भात, बटाटा, साखर, गूळ, संत्री, आंबा यांच्यापुढे 'बंद' लिहिलं आणि सातेक मिनिटांत त्यांना मोकळं केलं. तो कागद आता त्यांच्या पर्समधून चार घड्या घातलेला निघाला. घडीवर फाटू नये म्हणून मागून चिकटपट्टी लावलेली.

"काल रात्री काय जेवलात, काकू?"

"वरण."

"वरणासोबत?"

"वरणच. वाटीभर."

घरी रात्री वरणभात आणि एखादी भाजी असते. मुलगा इतवारीत दुकानात कामाला, सून नोकरीवर. "थे बिचारी आठले येते थकूनभागून. माह्या एकटीसाठी दोन पोळ्या लाट, असं कसं सांगू तिले?" गुडघ्यांमुळे ओट्यापाशी फार वेळ उभं राहणं त्यांना जमत नाही. म्हणून भात बंद झाला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. सकाळी बिनसाखरेचा चहा पिऊन गोळी मात्र न चुकता घेतलेली. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी होती. जेवण पोटात गेलंय की नाही, हे तिला कळत नाही. ती आपलं काम करतेच.

'बंद' लिहिताना त्या जागी काय येणार, घरी कोण रांधतं, कधी रांधतं, हे मी विचारलंच नव्हतं. शिक्षणात आम्हाला ते शिकवलं होतं. मी घाई केली होती. चूक माझी होती, आणि ते मी काकूंना तिथेच सांगितलं. त्या माझा हात थोपटत राहिल्या, त्याने मला जास्तच भरून आलं.

डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी गोळीची मात्रा कमी केली आणि उपाशी पोटी ती घ्यायची नाही, असं बजावलं. मग मी दवाखान्यातल्या चहाच्या सामानातून एक लहान वाटी आणली. एवढ्या शिजलेल्या भातात साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पोटात गेल्यावर ज्याची साखर होते ते. भाकरीत साखर नसतेच अशी काकूंची समजूत होती. ज्वारीतही कर्बोदकं असतात, म्हणून भाकऱ्याही मोजूनच, हे सांगितलं. भात परत आला, पण एक वाटी. आधी भाजी आणि घट्ट वरण, भात शेवटी, म्हणजे जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. बरबटीची उसळ, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी त्यांच्या घरात होतंच. ते माझ्या कागदावर नव्हतं. मध्यम आकाराच्या एका संत्र्यात १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, तेव्हा एक संत्रं सोलून खायला हरकत नाही, रस नको. नागपुरातल्या बाईला सरसकट संत्री बंद करणारी मी कोण!

संध्याकाळी सुनेला फोन केला. ती आधी गप्प झाली, मग रडायला लागली. "आत्या म्हणायच्या, भूकच नाही." दुसऱ्या दिवसापासून तिने कुकरमध्ये वरणासोबत दोघींपुरती उसळही लावायला सुरुवात केली. वेगळा स्वयंपाक नाही, वेगळं ताट नाही.

एचबीए१सी रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून काढतात. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून ते तीनेक महिन्यांनी बघतात. जुलैत काकूंचं ७.६ आलं. अजून खाली यायला हवं, पण त्या दिवशी मी सिस्टरला दोनदा आकडा वाचायला लावला. मधल्या काळात साखर एकदाही ७० च्या खाली गेली नव्हती. सून घरी तपासून वहीत लिहीत होती.

वही बंद करून काकू जरा पुढे सरकल्या. "मॅडम, पोळा येऊन राहिला. पुरणपोळी खाऊ काय?"

बाहेर सहा जण थांबले होते. मी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली.

"त्या दिवशी घरी अजून काय काय असतं, काकू? सकाळपासून सांगा."