व्हेरिकोजचे मोजे आणि नागपूरचा मे महिना

पारा ४५ च्या पुढे गेला की नागपुरात व्हेरिकोज व्हेन्सचे, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरांसाठीचे घट्ट मोजे कपाटात जातात, ते थेट पावसाळ्यातच बाहेर येतात. खरं तर उन्हाळ्यातच त्यांची गरज जास्त. उष्णतेने कातडीलगतच्या शिरा आणखी फैलावतात, रक्त खाली साचतं आणि संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. इतवारीत दिवसभर काउंटरमागे उभं राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मोजे सोडण्याचं कारण सगळे उकाडा सांगतात, पण पुष्कळदा मुळात मापच चुकलेलं असतं.

हा मोजा घोट्याशी सर्वांत घट्ट असतो आणि वर जाताना दाब कमी होत जातो. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. झडपा ढिल्या पडल्या की शीर फुगते. मोजा बाहेरून दाबून शीर अरुंद ठेवतो, त्यामुळे जडपणा, ठणका आणि सूज कमी होते. फुगलेली शीर मात्र त्याने नाहीशी होत नाही. लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने शीर बंद करण्याचा उपचार शक्य असेल तर त्याऐवजी नुसते मोजे देऊ नयेत, असं ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१३ ची मार्गदर्शिका सांगते. गरोदरपणातल्या सुजेसाठी मात्र ती मोजेच सुचवते.

खरेदीआधी पायाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तपासून घ्या. त्या अरुंद असतील तर मोज्याचा दाब घातक ठरू शकतो. मधुमेह असेल, बिडी-सिगारेट असेल, थोडं चाललं की पोटरीत गोळा येऊन थांबावं लागत असेल किंवा पाय गार पडत असतील, तर स्वतःच्या मनाने मोजा घालू नका. घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी यांचं गुणोत्तर ०.८ च्या खाली असेल तर निर्णय व्हॅस्क्युलर सर्जनचा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनचा. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा खोटा चांगला दिसू शकतो, हेही लक्षात असू द्या. धंतोली-रामदासपेठेत डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करणारी केंद्रं भरपूर आहेत. झडपांची गळती बघायची असेल तर ती तपासणी उभं करून व्हायला हवी.

डब्यावरच्या ‘क्लास २’ वर विसंबू नका. जर्मन पद्धतीत त्याचा अर्थ घोट्याशी २३ ते ३२ मिलिमीटर पारा इतका दाब, ब्रिटिश पद्धतीत १८ ते २४. चिठ्ठीवर आकडाच लिहून मागा. दवाखान्यात ऑपरेशननंतर देतात ते पांढरे मोजे झोपून असलेल्या पेशंटसाठी असतात, चालत्याफिरत्या माणसाच्या कामाचे नाहीत. औषधाच्या दुकानातली फ्री साइज नळीही नको. तिचा दाब वर जाताना कमी होत जात नाही.

माप सकाळी, अंथरुणातून उठल्या उठल्या घ्या. संध्याकाळच्या सुजलेल्या पायाचं माप दिलं तर मोजा घोट्यावर सैल पडतो आणि पैसे वाया जातात. टेप कातडीला टेकलेला हवा, रुतलेला नको. पहिलं माप घोट्याच्या हाडाच्या वर, पाय सर्वांत बारीक असतो तिथे. दुसरं पोटरीच्या सर्वांत जाड जागी. तिसरं उंचीचं, जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा. साइज मुख्यतः घोट्यावरून ठरतो. पोटरी तक्त्यात बसत नसेल तर मोठा साइज घेऊ नका, मापाने बनवून घ्या. बुटाचा नंबर विचारून मोजा देणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

घालायचा कसा, इथेच बहुतेकांचा घाम निघतो. जोडवी, पैंजण आधी काढा, नखं कापलेली हवीत. मोज्यात हात घालून आतून टाच चिमटीत धरा आणि टाचेपर्यंतचा भाग उलटा करा. तयार झालेल्या खिशात पाऊल सरकवा, टाच टाचेवर नीट बसवा. मग उरलेला भाग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून तळव्यांनी थोडाथोडा वर सरकवत न्या. वरची पट्टी धरून ओढलं की सगळं कापड वर गोळा होतं आणि घोट्यावरचा दाब जातो. गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटं जागा सोडा. जास्त झालेली पट्टी दुमडायची नाही, कारण दुमडीत दाब वाढतो आणि पोटरीला दोरी बांधल्यासारखं होतं. पाय ओलसर असेल तर थोडी टाल्कम पावडर चालते. खोबरेल तेल रात्री, मोजे काढल्यावर.

आता उन्हाळा. बहुतेकांना गुडघ्याखालचा, बोटं उघडी असलेला मोजा पुरतो. मांडीपर्यंतचा घामाने घसरतो. दुपारी मोज्यावरूनच साध्या पाण्याचा फवारा मारा आणि कूलरसमोर बसा. आपल्याकडची मे महिन्याची हवा कोरडी, पाणी लगेच उडतं आणि पाय गार पडतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ही युक्ती चालत नाही. तेव्हा बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, नाहीतर चिखल्या होतात. अगदीच असह्य झालं तर मोजे काढून अर्धा तास पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडा आणि सूज यायच्या आत परत घाला. रात्री झोपताना काढायचे.

एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, दुखू लागला तर मोजा चढवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा.

दोन जोड ठेवा. कोमट पाणी, सौम्य लिक्विड. ब्लीच नको, पिळणं नको. टॉवेलात गुंडाळून पाणी काढा आणि सावलीत वाळवा, गच्चीवरच्या उन्हात रबर मरतं. रोज वापरला तर साधारण सहा महिन्यांत मोजा बदलावा. हातमोज्यांशिवाय सरसर चढू लागला की समजायचं, दाब गेला. नवा घेताना जुन्या डब्यावरचा साइज सांगू नका, टेप पुन्हा लावा.