पार्टनर आणावा लागत नाही: आमची वाटचाल

चौकशीचा फोन आला की फीच्याही आधी एक प्रश्न ठरलेला असतो, “पार्टनर आणावा लागेल का हो?” आमचा सगळा धंदा या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे. नाही, आणावा लागत नाही. पुण्यात कर्वेनगरला आमचा छोटासा स्टुडिओ आहे. तिथे आम्ही स्विंग, म्हणजे जुन्या अमेरिकन जॅझवरचा नाच, शिकवतो, आणि नवख्या माणसाला सुरुवातीचे दोन महिने एकट्यानेच नाचवतो.

आधी असं नव्हतं. नोकरीच्या निमित्ताने मी स्टॉकहोमला होते, तिथे लिंडी हॉप हा स्विंगमधला जोडीचा नाच शिकले. स्वीडनमध्ये या नाचाचं वेड जुनं आहे. हेरेंग नावाच्या लहानशा गावात १९८२ पासून त्याचं शिबिर भरतं. परत आल्यावर मी नोकरी सोडली आणि भाड्याच्या हॉलमध्ये जोडीचा नाच शिकवायला घेतला. बायका भरपूर, पुरुष मोजके. जोडीने आलेल्यांपैकी एकाचं ऑफिस आडवं आलं की दुसराही घरी बसे. हॉलचं भाडं मात्र कुणी आलं काय, न आलं काय, चुकत नसे. हिशेब बघतो माझा नवरा (तो नाचत नाही). तो म्हणाला, “अगं, एकेकट्यांनाच शिकव ना.” त्याच्या डोळ्यांसमोर वही होती, पण बोलला ते नाचाच्या दृष्टीनेही बरोबर होतं.

कारण हा नाच जोडीचा म्हणून गाजला तरी त्याचे पाय एकेकट्या नाचणाऱ्यांनीच घडवलेत. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लेनॉक्स अव्हेन्यूवर १९२६ ते १९५८ सॅव्हॉय बॉलरूम होतं. काळ्या-गोऱ्यांना एकाच फ्लोअरवर नाचू देणाऱ्या तेव्हाच्या थोड्या जागांपैकी ते एक. तिथला एक ठेंगणा नाचणारा म्हणजे जॉर्ज स्नोडेन. गुडघे एकमेकांना चिकटवून, डावी-उजवीकडे झुलवत, खाली खाली बसत पुढे जायची जी स्टेप आहे, तिला त्याच्यावरूनच ‘शॉर्टी जॉर्ज’ म्हणतात. लिंडी हॉपचे नावाजलेले नर्तक फ्रँकी मॅनिंग याच फ्लोअरवर मोठे झाले. पुढे स्विंगचे दिवस सरले आणि त्यांनी पोस्टात नोकरी धरली. तीसेक वर्षांनी, १९८० च्या दशकात, शिकायला आलेल्या तरुणांनी त्यांना पुन्हा फ्लोअरवर आणलं, आणि मग २००९ मध्ये जाईपर्यंत ते जगभर शिकवत हिंडले. हे सगळं मी पहिल्याच तासाला सांगते. रील बघून आलेल्यांची थोडी चुळबुळ होते, होऊ दे. कृष्णवर्णीय अमेरिकनांचा हा नाच आहे. कुणाचं घेतोय ते माहीत हवं.

मग टाळ्या. आपल्याकडे आठ मोजायला कुणाला शिकवावं लागत नाही, केरवा अंगात असतो. पण टाळी हमखास एक आणि तीनवर पडते. स्विंगमध्ये ती दोन आणि चारवर हवी. एवढ्यावरच पहिला तास जातो. गुडघे सैल, अंग किंचित पुढे झुकलेलं, वजन चवड्यांवर, आणि प्रत्येक ठोक्याला शरीर खाली, जमिनीकडे. झुंबा करून आलेल्या मुली वर उड्या मारतात. गाणं मी मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपासचं लावते. त्याहून जलद लावलं की लोक पाय टाकायला लागतात आणि ऐकणं सोडतात.

सगळ्यात जास्त वेळ खातो शिमशॅम, ठरलेल्या स्टेप्सचा, जोडीशिवाय करायचा नाच. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लेनर्ड रीड आणि विली ब्रायंट यांनी तो टॅपसाठी, म्हणजे बुटांनी ताल वाजवायच्या नाचासाठी, बसवला. आता जगात कुठेही स्विंगवाले जमले की तो एकत्र नाचतात. त्यातल्या स्टेप्स अशा: शिमशॅम, पुश अँड क्रॉसओव्हर, टॅकी अॅनी, हाफ ब्रेक, मग बूगी बॅक वगैरे. गोम अशी की पहिला पाय एकवर नाही, आदल्या आठवर पडतो. आमच्याकडे एक निवृत्त बँकवाल्या काकू येतात, तरुणपणी कथक शिकलेल्या. पदन्यास स्वच्छ, पण पाय समेची वाट बघायचा. मी “सात” म्हणाले की त्या श्वास घ्यायच्या आणि आठ निसटून जायचा. शेवटी त्यांनीच तोडगा काढला: सहाला श्वास घ्यायचा आणि सातला टाच उचलून ठेवायची. आता मी सगळ्यांना तसंच सांगते.

खांदे सैल करायला कधी कधी ‘अलबेला’तली गाणी लावते. तो नाच लिंडी हॉप नव्हे. पण भगवानदादांचे खांदे बघून लोकांची भीड चेपते. आणि चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, त्या काळच्या गाण्यांमागे गोव्याच्या हळदोण्याचे चिक चॉकलेट होते, मुंबईत जॅझ वाजवणारे ट्रम्पेटवादक. हा धागा आपलाही आहे.

जागा घेतली तेव्हा फ्लोअरवर व्हिट्रिफाइड टाइल होत्या. त्यावर महिनाभर नाचलं की नडग्या बोलायला लागतात. खाली फोम, वर प्लायवूड टाकून घेतलं. आमचा सगळ्यात मोठा खर्च तोच. बूट ही दुसरी कटकट. रबरी तळवा जमिनीला धरून ठेवतो, आणि सूझी क्यू नावाच्या स्टेपमध्ये पाऊल फिरलं नाही की पीळ गुडघ्याला बसतो. गल्लीच्या तोंडाशी बसणारे चप्पल-दुरुस्तीवाले काका आता विचारतही नाहीत. आमचं कुणी गेलं की साध्या कॅनव्हास बुटाला स्वेडचा तळवा लावून देतात.

लॉकडाऊनमध्ये जोडीचे वर्ग बंद झाले, एकट्याचे चालू राहिले. व्हिडिओवर आवाज उशिरा पोचतो, म्हणून सगळ्यांना म्यूट करून मी फक्त पाय बघायची. ठेका चुकतोय की नेट, ते कळायचं नाही. बऱ्याच जणांना खालच्या मजल्यावरून तक्रारी आल्या, मग आम्ही उशीवर उभं राहून वजन बदलण्याचे व्यायाम काढले. ते आजही उपयोगी पडतात.

खरं सांगायचं तर नुसत्या फीवर स्टुडिओ चालत नाही. चालतो लग्नांतल्या ‘संगीत’च्या ऑर्डरींवर. लग्नघरातल्या मंडळींना ‘रेट्रो’ काहीतरी हवं असतं आणि चार दिवसांत चार्ल्सटन हा जुना जॅझ नाच बसतो. काही नाचणारे यावर नाक मुरडतात. प्लायवूडचे पैसे तिथूनच आले.

जोडीची बॅच आता पुन्हा सुरू आहे, पण शिमशॅम संपवलेल्यांनाच घेतो. लीड (नाच पुढे नेणं) आणि फॉलो (त्याला साथ देणं) दोन्ही सगळ्यांना शिकवतो, त्यामुळे बायका किती, पुरुष किती हे मोजायचं काम उरलेलं नाही. २६ मे हा मॅनिंग यांचा जन्मदिवस, जगभर लिंडी हॉप दिन म्हणून पाळतात. त्या संध्याकाळी स्टुडिओ सगळ्यांना मोकळा असतो, फी नाही. पहिली दहा मिनिटं काकू घेतात.