कर्कटक, गुण्या आणि अपवर्तन

अपवर्तनाचं, म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना प्रकाशकिरण वाकण्याचं, गणित दिसलं की बहुतेक मुलं थेट स्नेलच्या सूत्रात आकडे घालतात. माझा आग्रह असा, की आधी आकृती काढा आणि तीही मापात. साइनचं कोष्टक न उघडता अपवर्तित किरण कागदावर मिळतो.

हवेतून (अपवर्तनांक १) काचेत (अपवर्तनांक १.५) ६०° आपतन कोनाने, म्हणजे स्तंभिकेशी ६०° कोन करून, शिरणारा किरण घेऊ. सीमारेषा आडवी काढा, तिच्यावर किरण जिथे पडतो तो आपतन बिंदू म आणि तिथून स्तंभिका, म्हणजे सीमारेषेला लंब रेषा. म केंद्र धरून काचेच्या बाजूला ४ सेमी आणि ६ सेमी त्रिज्येचे दोन कंस मारा. ४:६ म्हणजेच १:१.५; लहान कंस हवेचा, मोठा काचेचा. आपाती किरण तुटक रेषेने सरळ काचेत वाढवा. तो लहान कंसाला क बिंदूत छेदेल. आता गुण्या सरकवून क मधून स्तंभिकेला समांतर रेषा काढा. ती मोठ्या कंसाला जिथे मिळेल तो ख. म-ख जोडा, झाला अपवर्तित किरण. कोनमापक लावून बघा, ३५° च्या जरासा पुढे येईल.

असं का होतं? क आणि ख स्तंभिकेपासून सारख्याच अंतरावर आहेत, सुमारे ३.४६ सेमी. दोन काटकोन त्रिकोण, एकाचा कर्ण ४, दुसऱ्याचा ६, पण कोनासमोरची बाजू तेवढीच. म्हणजे ४ × साइन आपतन कोन = ६ × साइन अपवर्तन कोन. स्नेलचा अख्खा नियम त्या एका बाजूत आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो कोन मोजताना. गणितात ‘किरण पृष्ठभागाशी ६०° कोन करतो’ असं असेल, तर आपतन कोन ३०° होतो आणि उत्तर १९.५° येतं. म्हणून स्तंभिका काढल्याशिवाय कोन लिहूच नका. दुसरी चूक कंसांची अदलाबदल: वाढवलेला किरण नेहमी ज्या माध्यमातून आला त्याच्या कंसापर्यंत न्यायचा.

काचेतून हवेत जाताना कंस हवेच्या बाजूला काढायचे आणि म्हणूनच आधी ६ चा कंस, मग ४ चा. इथे कोन ५०° घेऊन बघाच. समांतर रेषा स्तंभिकेपासून ४.६ सेमीवर जाते, लहान कंसाला शिवतच नाही. अपवर्तित किरण नाही, किरण काचेतच परत फिरतो: पूर्ण आंतरिक परावर्तन! कोन कमी करत आणा, ४१.८° ला रेषा कंसाला जेमतेम स्पर्श करते. तोच काचेचा क्रांतिक कोन.