वहिनी दारात उभ्या आहेत

भुताचे पिच्चर मी बघत नाही. ट्रेलर मात्र एकही सोडत नाही. बायकोच्या मते हा निव्वळ भित्रेपणा आहे. माझं म्हणणं उलटं आहे. अख्खा पिच्चर बघायला फारसं धाडस लागत नाही, कारण दोन तासांत कधी ना कधी भुताचा खुलासा होतोच. कुणाच्या तरी पणजोबानं कुणाची तरी जमीन लाटलेली असते, विहिरीत कुणाला तरी ढकललेलं असतं, मग मांत्रिक येतो, रिंगण आखतो आणि सगळं शेवटी सातबाऱ्याच्या भांडणावर येऊन टेकतं. तक्रार कळली की भूत नुसता पक्षकार उरतो. त्याची कीवच यायला लागते. ट्रेलरमध्ये तक्रार कळतच नाही. अडीच मिनिटांत दार किलकिलं होतं आणि आत काय आहे ते दाखवायच्या आधी पडद्यावर शुक्रवारची तारीख येते. उरलेलं भूत आपण घरी घेऊन जायचं.

ही करामत कशी चालते ते मला भाच्यानं दाखवलं. तो गावभागात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. मुहूर्त संपले की मोकळा असतो. “मामा, कुठल्याबी व्हिडिओचा हॉरर करता येतोय,” म्हणाला आणि थोरल्या वहिनींच्या वास्तुशांतीचं फुटेज उघडलं.

वहिनी नव्या घराच्या दारात उभ्या आहेत. हातात हळदीकुंकवाचं तबक, वर झेंडूचं तोरण, तोंडावर पंगती उठवून उठवून दमलेलं हसू. कॅमेरावाल्यानं ‘थांबा जरा’ म्हटलं असणार, कारण पाच-सहा सेकंद त्या कॅमेऱ्याकडं बघत तशाच थांबल्यात. मागं सनई आहे, त्यामुळं सगळं कसं मंगल वाटतं. भाच्यानं आधी सनई काढली. मग पिवळा आणि लाल रंग खाली ओढला, निळसर हिरवा जरा वर आणला. झेंडूची राख झाली. वेग निम्मा केला. आता वहिनी दहा-बारा सेकंद आपल्याकडं बघत राहतात आणि त्यांची पापणी लवते तीसुद्धा सावकाश, विचार करून लवल्यासारखी. चौकट त्यानं एका बाजूला किंचित कलती केली. एवढी किंचित, की काय बिघडलंय ते सांगता येऊ नये. मग चित्र कळेल न कळेल अशा चालीनं वहिनींच्या जवळ जायला लागलं. शेवटी पडदा काळा केला आणि त्यावर त्यांचाच आवाज जरा जाड करून टाकला.

“या... बसा.”

मी खुर्ची मागं सरकवली. ज्या माऊलीच्या हातची कटाची आमटी मी इतकी वर्षं ओरपतोय, तिच्याबद्दल ही भावना!

“आता आवाज बंद करून बघा की,” भाचा म्हणाला. बघितलं. कलत्या दारात एक दमलेली बाई. बस्स. म्हणजे डोळ्यांपेक्षा जास्त काम कानांवर चालतं. भीती वाटली की आपण डोळे झाकतो. ट्रेलरवाल्याची त्याला काहीच हरकत नसते, कारण कान उघडेच राहतात.

या आवाजांमागं शास्त्र आहे. अमेरिकेतले डॅनियल ब्लमस्टाइन हे मार्मोट नावाच्या डोंगरी खारींवर काम करणारे जीवशास्त्रज्ञ. पिल्लू हातात धरलं की ते जिवाच्या आकांतानं ओरडतं आणि त्याचा आवाज फाटतो. तसाच फाटलेला, खरखरीत आवाज सिनेमावाले वापरतात का, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली चित्रपटांचे ध्वनिपट तपासून पाहिलं. भयपटांत किंकाळ्या आणि असले आवाज आढळले. व्हायोलिनची तार कर्कश ओढली की आपल्यातलं कुठलं तरी जुनं जनावर कान टवकारतं. वॉटरफोन नावाचं एक वाद्य आहे, रिचर्ड वॉटर्स नावाच्या माणसानं केलेलं. धातूचं भांडं, त्यात थोडं पाणी, कडेनं उभ्या सळ्या. सळ्यांवर गज फिरवला की पाणी डचमळतं आणि सूर जागेवर राहत नाही. इकडं आमच्या शेजारी मिरजेत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, नीट लागावी म्हणून कारागीर तारांखालची घोडी घासत बसतो. तिकडं सूर कुठंच ठरू नये म्हणून भांड्यात पाणी घालतात!

आणि आवाजाइतकीच शांतता. दचकवण्याच्या अलीकडं एक क्षण सगळं गप्प होतं, पंखासुद्धा. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये रात्री एकटी चाललेली बाई, मागं पावलं, मग पावलं थांबतात, आता झडप पडणार असं वाटतं आणि फिस्सकन आवाज करत समोर येते ती बस. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्यावरून या युक्तीला ‘ल्यूटन बस’ असं नावच पडलं. सांगली स्टँडवर दिवसभर एस्ट्या अशाच फिस्कारतात. तिथं कोणी दचकत नाही, कारण तिथं शांतता नाही.

चित्राची युक्ती त्या मानानं सोपी, पण मला फार आवडते. माणूस चौकटीच्या कडेला ठेवायचा आणि उरलेली जागा रिकामी सोडायची. स्वयंपाकघरातली बाई डाव्या कोपऱ्यात भाजी चिरतेय आणि उजवीकडं नुसता अंधारा बोळ. आपण बाईकडं बघतच नाही. बोळात काहीही नसतं आणि आपण तिथंच डोळे ताणतो.

आमच्या लहानपणी ट्रेलर म्हणजे रिक्षाला बांधलेला भोंगा. “दुबळ्या मनाच्या प्रेक्षकांनी येऊ नये!” दुबळ्या मनाचे सगळे जायचे. तिकडं हिचकॉकनं हे काम भोंग्याशिवाय केलं. १९६० च्या ‘सायको’च्या सहा मिनिटांवर चाललेल्या ट्रेलरमध्ये तो स्वतःच घर आणि मोटेल दाखवत हिंडतो, घर विकायला काढलेल्या एजंटाच्या थाटात. इथं काय झालं म्हणून सांगू, असं म्हणतो आणि वाक्य अर्धवट सोडतो. शेवटी न्हाणीघरातला पडदा ओढतो आणि किंकाळी. ‘द शायनिंग’चा ट्रेलर तर जवळजवळ एकच दृश्य आहे. बंद लिफ्ट, वर सरकणारी नावं आणि मग दारातून रक्ताचा लोंढा. आणि २००९ मध्ये ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’वाल्यांनी अंधारात बसलेल्या प्रेक्षकांचेच चेहरे दाखवले, शेजाऱ्याचा दंड धरलेले. पडद्यावर काय आहे ते थोडंच दिसतं, पण ही माणसं कशाला तरी घाबरलीत हे दिसतं आणि तेवढं पुरतं.

आणखी एक प्रकार आहे. रॉजर शेपर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये असा सूर तयार केला, जो सारखा चढतोय असं वाटतं आणि कुठंच पोचत नाही. एकमेकांवर रचलेल्या सप्तकांतला वरचा सूर विरत जातो, तेवढ्यात खालून नवा येतो. ट्रेलरच्या शेवटाकडं असलंच काहीतरी चढत राहतं आणि पोटात गोळा येतो. सांगलीकराला हे फार समजावून सांगायला लागत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. दारात पाण्याचा थेंब नसतो, नुसता फोनवर आकडा चढत असतो, इंचाइंचानं, आणि अख्खी गल्ली जागी असते. २०१९ साली पाणी खरोखर घरात आलं, म्हणून ही तुलना इथंच सोडतो.

हल्ली एक गोष्ट खटकते. नाव, तारीख सगळं येऊन जातं, आपण सुटलो म्हणतो, तेवढ्यात परत एक थोबाड अंगावर येतं. प्रत्येक ट्रेलरमध्ये. इतकं ठरलेलं, की आता मी नाव आलं की चहाचा कप खाली ठेवतो. जुनं बडबडगीत बारक्या पोरीच्या आवाजात संथ म्हणवून घेणं, हेही आता बास झालं. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, “शेवटचा दणका नसला तर गिऱ्हाईक म्हणतंय, फाईल अर्धीच आली.”

त्याची ‘वास्तुशांत’ त्यानं घरच्या ग्रुपवर टाकली. पोराबाळांनी धुमाकूळ घातला. वहिनींनी ती दुपारी बघितली. दादा झोपलेले असतात, म्हणून त्यांचा फोन त्या वेळी नेहमीच मुका असतो. संध्याकाळी त्यांचा भाच्याला फोन आला.

“शालू काळा का दिसायलाय रे? राणी कलर होता तो. आणि पंगतीचं काहीच घेतलं नाहीस. तेवढं जोडून परत पाठव.”